मेडिकलवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि उगाच दुकानाची जाहिरात केल्यासारखं होईल. पण बार्शीतल्या ज्या काउंटरवरून मी दर महिन्याला औषध नेतो, तिथं हे पत्र कुणासाठी आहे ते बरोबर कळेल.

माझा दादा माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या परत करायला तुमच्याकडे आला होता, त्या दुपारचे आभार मानायचे राहून गेलेत.

दादाला तरी काय बोल लावू? या गोळ्यांची सवय लागली की सुटत नाही, माणूस नुसता झोपून राहतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी झोपून होतो हे खरंच होतं. फक्त गोळ्या सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून होतो, एवढं कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

पहाटे चारला जाग यायची, मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. आंघोळीला जायचं म्हणून टॉवेल खांद्यावर टाकून कॉटवर बसलो की तासभर तसाच. पाचवीच्या वह्या तपासायला घेतल्या तर एकाच ओळीवरून डोळे फिरत राहायचे. वाक्य बरोबर की चूक, ठरवता यायचं नाही. आणि सल्ले? ‘सरकारी नोकरी, पगार वेळेवर, तुला कसलं आलंय टेन्शन!’ ‘मन खंबीर कर.’ ‘तुळजापूरला जाऊन ये.’ गेलो की. भवानीचं दर्शन घेऊन बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जाग ती आलीच. सल्ले देणारे सगळे मायेचे लोक, म्हणून तर त्यांना उलटून बोलता येत नाही. सोलापूरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हाही घरात ‘डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेत’ असंच सांगितलं गेलं.

तर दादानं दोन न उघडलेल्या पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. पुढचं सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं. ‘परत घेते, पैसेही देते,’ तुम्ही म्हणालात, ‘पण सरांना विचारलंय का?’ दादा गप्प. मग तुम्ही त्याला आत स्टुलावर बसवलंत, पाणी दिलंत आणि एक जाड वही काढलीत. नावांवर हात ठेवून त्याला पान दाखवलंत. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी दिली की पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या हे त्या वहीत लिहावं लागतं आणि ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. ‘सवय लागणाऱ्या गोळ्या या. सरांची डिप्रेशनची गोळी, एस्सिटालोप्राम, या वहीत येत नाही.’ तासभर समजावून जे झालं नसतं, ते त्या वहीनं झालं.

‘मग अजून फरक का नाही?’ हा दादाचा प्रश्न. तुमचं उत्तर त्यानं पाठ केल्यासारखं मला ऐकवलं. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. मळमळ, डोकं जड होणं, हे मात्र आधी येतं, आणि नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडतात. अस्वस्थपणा फारच वाढला किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची, आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. लोक त्यालाच सवय म्हणतात. पण दारूसारखी तलफ यात येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडलं आणि गोळीनं ते भरून निघालं, असलं सोपं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. ‘नेमकं कसं काम करतं ते अजून पुरतं उलगडलेलं नाही,’ म्हणालात. त्या सोप्या उत्तराला पुरेसा पुरावा नाही, असं सांगणारा संशोधनाचा आढावा २०२२ मध्ये आला, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर ‘डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे थोतांड’ असे फॉरवर्ड धो धो आले होते. अहो, गोळी कशी लागू पडते हा एक प्रश्न, आणि पडते का हा दुसरा! दुसऱ्याचं उत्तर २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. २१ औषधं, ५२२ चाचण्या, एक लाखाहून जास्त रुग्ण. सगळी औषधं औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक फार मोठा नाही, प्रत्येकाला सारखा गुण येतो असंही नाही, आणि सौम्य त्रासात नुसतं समुपदेशनही पुरतं. पण थोतांड नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. ते सर्वेक्षण झालं त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे फार निराळं चित्र असेल असं मला वाटत नाही.

माझ्याशी तुम्ही फार बोलला नाहीत. काउंटरवर गर्दी असली की ‘सर, तुमचं सामान आलंय’ एवढंच म्हणून पाकीट पुढे करायचात. एकदा मात्र हळूच म्हणालात, ‘काही गोष्टी तोंडानं सांगायला संकोच वाटतो, त्या कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.’ नवरा-बायकोच्या संबंधांवर या गोळ्यांचा परिणाम होऊ शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठी दिली. डॉक्टरांनी वाचली, डोस बदलला, विषय संपला.

गुण आला तो कसा, तेही सांगतो. एका सकाळी चहात साखर जास्त झाली म्हणून मी बायकोवर खेकसलो. कित्येक महिन्यांत मला कशाची चवच कळत नव्हती. ती रागवायच्या ऐवजी खूश! दादाला फोन करून सांगितलं तिनं.

समुपदेशन चालू आहे. पुढच्या महिन्यापासून डॉक्टर डोस कमी करत आणणार आहेत, तेव्हा वेगळी चिठ्ठी घेऊन येईन.

आणि हो, दादा स्वतःची बीपीची गोळी वाटेल तेव्हा बंद करतो. शनिवारी त्याला तुमच्याकडे पाठवतोय. जरा वेळ काढून ठेवा.

आपला,
पाचवीचे सर