तू मागितलेली लिस्ट

प्रिय बाळा,

परवा फोनवर म्हणालीस ना, आई एक लिस्ट करून पाठव, कुठला कॅमेरा घेऊ, कोणाचे फोटो बघू, काय ऐकू, काय वाचू. दोन दिवस लिस्ट करायला बसले पण जमेना, प्रत्येक नावापुढे चार ओळी लिहाव्याशा वाटत होत्या, म्हणून शेवटी पत्रच लिहितेय.

कॅमेऱ्याचं आधी उरकते. कुठल्याही चांगल्या कंपनीची सेकंडहँड बॉडी चालेल, कार्डाचे दोन स्लॉट असतील तर उत्तम, कार्ड ऐन वेळी दगा देतं हे मी सोसलंय. लेन्स मात्र पहिलं वर्षभर एकच ठेव, ३५ किंवा ५० एमएम. झूम नसला की पायांना काम लागतं, माणसाच्या जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की बोलावंच लागतं. फोटो तीन ठिकाणी ठेवायचे, त्यातली एक कॉपी घराबाहेर. बस, कॅमेऱ्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नकोस.

आता गाणं, कारण मला फोटोग्राफी खरी कळली ती तिथे. सुरुवातीला वर्तमानपत्रातून मला मैफलींचे फोटो काढायला पाठवायचे. सभागृह शांत, गायक आलापात बुडालेला आणि मधेच माझ्या शटरचा खटकन आवाज, पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे आणि मला तिथून निघून जावंसं वाटायचं. एकदा मध्यंतरात एका तबलजींनी जवळ बसवून सांगितलं, बेटा, मात्रा मोजत जा, तीनतालाच्या सोळा, त्या संपून पुन्हा पहिली आली की ती सम, समेवर लोक दाद देतात, त्यात तुझा आवाज बुडून जाईल. तेव्हापासून मी बोटांवर मोजायला लागले आणि हळूहळू लक्षात आलं की सम यायच्या तीन-चार मात्रा आधीपासूनच सगळं दिसायला लागतं, गायकाचा हात वर जातो, तबलजी मान उचलून त्याच्याकडे बघतो, मागे तानपुऱ्यावर बसलेली मुलगी नकळत हसते. सम आलीय हे कळल्यावर बोट दाबलंस तर उशीर झालेला असतो, बोट आधीच निघालेलं पाहिजे. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेऊन लोक निर्णायक क्षणाबद्दल बोलतात ना, मला तो समेसारखाच वाटतो, तो अचानक येत नाही, येतोय हे ऐकू येत असतं. हे मोजणं मला पुढे मोर्चात आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळीकडे कामाला आलं. (आता सायलेंट शटर आहे, पण काही एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत पट्टे येतात, आधी एखादी टेस्ट फ्रेम काढून बघत जा.)

तर गाण्यात माझी शिफारस एकच, कुमार गंधर्व, आणि तेही दुसरं काही करता करता नाही, नुसतं बसून. टीबीमुळे त्यांना काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं होतं, देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले, आणि परत गायला लागले तेव्हा ते सगळं ऐकलेलं त्यांच्या गाण्यात उतरलं. फोटोवाल्यांमध्ये असा कान असलेला माणूस म्हणजे युजीन स्मिथ. १९५७ ते १९६५ या काळात न्यूयॉर्कच्या एका जुन्या इमारतीत तो राहायचा, तिथे रात्र रात्र जॅझवाले येऊन वाजवायचे, थेलोनियस मंकसारखे मोठे लोक, आणि याने इमारतभर माइक लावून सुमारे ४,००० तासांचं रेकॉर्डिंग केलं, नुसतं संगीत नाही, लोकांच्या गप्पा, रेडिओ, रस्त्यावरचे आवाज, सगळं. फोटो काढले ते ४०,००० च्या आसपास, ते वेगळेच. पुढे १९७१ मध्ये तो जपानमधल्या मिनामाताला गेला, कारखान्याच्या पाऱ्यामुळे तिथल्या लोकांची शरीरं मोडली होती, त्यांच्यात तो तीन वर्षं राहिला. ते फोटो बघ, घाई न करता बघ.

फोटो बघायचे म्हणजे रोज स्क्रोल करून शंभर नाही, आठवड्याला एक किंवा दोन. सुरुवात भोपाळपासून कर. १९८४, दफन होत असलेल्या लहान मुलाचा मातीतून दिसणारा चेहरा, रघू राय यांनी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढलेला आणि त्याच मुलाचा पाब्लो बार्थोलोम्यू यांनी काढलेला रंगीत, दोन्ही शेजारी शेजारी ठेव. जगाने तो चेहरा पाहिला पण त्या मुलाचं नाव कळलेलं नाही. आणि डोरोथिया लँगचा १९३६ चा तो फोटो, मुलांना बिलगून बसलेली, कपाळावर आठ्या असलेली आई. लँगने तिचं नाव विचारलंच नाही. ४२ वर्षांनी, १९७८ मध्ये, ती बाई स्वतःच पुढे आली, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, आणि तो फोटो काढला गेला याचं तिला वाईटच वाटत होतं. मी लँगला खूप मानते, पण हे माझ्या मनातून जात नाही.

कारण मीही चुकलेय. पुरानंतर एक आजोबा नातीच्या भिजलेल्या वह्यांची पानं नखाने एकेक सुटी करून दोरीवर वाळत घालत होते, पान फाटू नये म्हणून श्वास रोखून. फोटो सुंदर आला, पण नाव मी घाईत ऐकलं आणि तसंच लिहून दिलं. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा फोन, म्हणाला, बाबा गेले, घरात त्यांचा हाच एक चांगला फोटो आहे आणि खाली दुसऱ्याच कुणाचं नाव छापलंय. दुरुस्ती छापून आली गं, पण त्यांच्या भिंतीवरच्या कात्रणावर चुकीचंच नाव राहिलं. तेव्हापासून मी वही पुढे करते आणि नाव त्यांच्याच हाताने लिहून घेते, लिहिता येत नसेल तर मी लिहून मोठ्याने वाचून दाखवते.

बातम्यांचं थोडक्यात सांगते. एकाच घटनेचे फोटो दोन-तीन वर्तमानपत्रांत बघ, कॅप्शन हाताने झाकून आधी स्वतः सांग काय दिसतंय, मग कॅप्शन वाच, कितीदा तरी तुझा अंदाज साफ चुकेल. फॉरवर्ड आलेला फोटो रिव्हर्स सर्चमध्ये (तोच फोटो नेटवर आधी कुठे आलाय ते शोधायचं) टाकल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. फोटोतलं काही हलवायचं नाही आणि पुसायचंही नाही. १९८२ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने उभ्या कव्हरवर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड कॉम्प्युटरवर जवळ सरकवले होते, आजही फोटोतल्या खऱ्या-खोट्याचा विषय निघाला की ते कव्हर निघतंच. आणि असाइनमेंटवर कानात इयरफोन नको, हे मात्र आई म्हणून बजावतेय, मागून गर्दी धावत आली तर आधी ऐकू येते.

माझी ५० एमएम कपाटाच्या वरच्या खणात डब्यात आहे, ती तू घे. फोकस रिंग जरा घट्ट फिरते, जबरदस्ती करू नकोस, आणि डब्यातली सिलिका जेलची पुडी बदल, जुनी झालीय. बरोबर एक निळी वही आहे, अर्धी कोरी, पुढची नावं तुझी.

तुझी,
आई