मोबाइल महागाचा, तरी चेहरे काळे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा शनिवारवाड्यावर गेलो होतो, तिथे एक काका भर दुपारी दिल्ली दरवाज्यासमोर घरच्यांचा फोटो काढत होते आणि सगळ्यांचे चेहरे काळे येत होते, तर ते म्हणाले मोबाइलच बेकार आहे. अहो, तो दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, हिवाळ्यात दुपारचं ऊन मागूनच येणार ना! स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवायचं, बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येतं ते वर सरकवायचं की चेहरे उजळतात. मी करून दाखवलं, काकू एकदम खूश.

आणि सगळ्यात आधी लेन्स पुसा हो, मऊ सुती कापडाने. बोटांचं तेल लागलेलं असतं म्हणून रात्री दिव्यांभोवती धुरकट दिसतं आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. झूम ताणू नका, दोन पावलं पुढे जा. लहान मुलांचा फोटो उभ्याने वरून काढतात ते मला अजिबात पटत नाही, खाली बसा, त्यांच्या डोळ्यांच्या लेव्हलला या. दिवसा विसर्जन मिरवणुकीत ढोलवाल्यांचे हात हलके हवेत विरल्यासारखे येतात, तिथे प्रो मोडमध्ये (म्हणजे सेटिंग आपल्या हाताने बदलता येतं तिथे) शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा, नाहीतर बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ पटापट, पंधरा-वीस फोटो काढा, एखादा नक्की लागतो.

आपल्या पेपरने रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या फोटोंना एक कोपरा द्यावा, आणि फोटो का जमला किंवा कुठे फसला ते दोन ओळीत सांगावं, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे