ग्रब स्क्रू ढिला झाला की एलन कीला पाइप लावू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात मोठमोठ्या कारखान्यांच्या बातम्या येतात, चांगलंच आहे, पण हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमधल्या एका बारक्या गोष्टीवर लिहायचं आहे. लेथवरचे (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवून कापायच्या मशीनवरचे) ग्रब स्क्रू. एम४, एम५ चे (म्हणजे ४, ५ मिमी जाडीचे), डोकं नसलेले, डायलच्या रिंगमध्ये, हँडलमध्ये, पुलीत, गिबमध्ये (स्लाइडचा ढिलेपणा काढायची पट्टी) असतात ते. डायलचा ढिला झाला की रिंग जागेवरच सरकते, टर्नरला वाटते पाव मिलिमीटर कट दिला अन टूल भलत्याच मापावर असते, जॉब गेला.

मग आपले पोट्टे काय करतात तर एलन कीला (षटकोनी टोकाची वाकडी चावी) पाइप लावून आवळतात. एम४ च्या ग्रबला २ मिमीची की लागते, एवढीशी, ती आतले कोपरे खाऊन टाकते अन मग तो स्क्रू ना आवळता येत ना काढता येत, ड्रिल मारून काढावा लागतो. जोर कमी पडला म्हणून स्क्रू ढिला होते असं नाही ना भाऊ. लांब बोल्ट आवळला की थोडा ताणला जातो अन तो ताणच त्याला धरून ठेवतो, ग्रब स्क्रू इतका आखूड की ताणायला काही उरतच नाही, टोक थोडंसं बसलं की पकड संपली. त्यात चार जॉच्या चकमध्ये (जॉब पकडायच्या भागात) चौकोनी जॉब धरून फेसिंग केलं, म्हणजे त्याचं तोंड सपाट कापलं, की प्रत्येक फेऱ्यात चार झटके बसतात. आडव्या हालचालीनं स्क्रू आपोआप फिरून सुटतो हे गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरनं १९६९ मध्येच दाखवून दिलं होतं. अन डोकंच नाही तर वॉशर तरी कुठं लावणार?

आधी एवढंच पाहायचं की हा स्क्रू परत ॲडजस्ट करावा लागणार आहे का. गिबचा असेल तर लॉकटाइट (आटे चिकटवून धरायचं द्रव) अजिबात नको, तिथं चेक नटच (स्क्रू जागेवर अडवून धरणारा नट) पाहिजे. पण नट आवळताना स्क्रू सोबत फिरते अन स्लाइड जाम होते, म्हणून एका हातानं स्क्रू जागेवर धरायचा, दुसऱ्या हातानं पान्यानं नट आवळायचा, मग स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहायची, डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावून प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायचा. घाईचं काम नाही हे.

हँडल, पुलीवाल्या स्क्रूला जांभळं २२२ लॉकटाइट, ते लहान स्क्रूसाठीच आहे, साध्या एलन कीनं परत सुटते. लाल २७१ टाकू नका, ते सोडवायला २५० डिग्रीच्या आसपास तापवावं लागते. अन लेथवर सगळीकडे तेल, म्हणून स्क्रू आणि आटे दोन्ही ॲसिटोननं पुसून घ्या, एक थेंब पुरे, पूर्ण पकडायला २४ तास द्या. काही जण फेविक्विक टाकतात, ते झटक्यानं तडकते. जुने कारागीर स्क्रूखाली पितळेचा छोटा तुकडा टाकत, शाफ्टवर वण पडत नाही अन पकडही बसते, किंवा भोक खोल असेल तर एका ग्रबवर दुसरा ग्रब आवळत. दोन्ही आजही तेवढंच कामाचं आहे.

पुलीचा स्क्रू सुटून वर आला तर फिरत्या शाफ्टवर बाही अडकू शकते. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात कलम २६ मध्ये फिरत्या शाफ्टवरचा सेट स्क्रू (आपला ग्रब स्क्रू त्यातलाच) आत बुडवलेला किंवा झाकलेला पाहिजे असं स्पष्ट लिहिलं होतं, तरी वर आलेले स्क्रू अजून दिसतात, जीव जळतो पाहून.

आयटीआयच्या सरांना विनंती आहे की टर्नरच्या पोरांना हे प्रॅक्टिकलमध्ये हातानं करून दाखवा. अन मालक लोकांनो, लोहा ओळीच्या बाजारातून दीड ते ३ मिमीच्या चांगल्या एलन कीचा सेट आणून प्रत्येक लेथजवळ ठेवा, घासलेल्या की फेकून द्या.

आपला,
एक टर्नर, हिंगणा रोड, नागपूर