हप्ता मोठ्या अक्षरात, एकूण रक्कम कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

सणासुदीला तुमच्या पेपरात टीव्ही, फ्रीज, एसीच्या पान भरून जाहिराती येतात, त्याबद्दल लिहायचंय, तक्रार म्हणा नाहीतर विनंती म्हणा. 'महिना फक्त इतके रुपये' हे एवढं ठळक असतं की आमच्या आईला चष्म्याशिवाय वाचता येतं, आणि खाली चांदणी टाकून 'अटी लागू' हे इतकं बारीक की मोबाईलवर फोटो काढून झूम करावं लागतं. पण सगळे हप्ते फेडून झाल्यावर ती वस्तू एकूण कितीला पडली, हा आकडा वर पण नसतो आणि खाली पण नसतो.

सध्या आमच्या घरात ५५ इंची टीव्हीवरून चाललंय. ३२ इंची आहे, चांगला चालू आहे, चित्र दिसतंय, आवाज येतोय. पोरांना मॅच मोठ्या स्क्रीनवर बघायचीय, आई म्हणते "आणा की, सगळ्यांकडं आलाय", बायको म्हणते आधी माळ्यावरची गळती काढा मग बोला. गरज नाही हे सगळ्यांना माहितीय, हौस आहे, आणि हौस करूच नये असलं प्रवचन मला द्यायचं नाही, नाहीतर आमच्या सोलापूरच्या गड्डा जत्रेला जाऊन पाळण्यात तरी कोण बसलं असतं. माझा प्रश्न एवढाच की हौस उधारीवर करायची असेल तर त्या उधारीला किती पैसे पडतात हे सरळ कोण सांगणार का नाही.

म्हणून नवी पेठेत एका दुकानात चौकशीला गेलो. किंमत ४२,०००, सात हजाराचे सहा हप्ते, 'नो कॉस्ट', एक रुपया व्याज नाही म्हणाला. मी सहज विचारलं रोख दिले तर कितीला देणार, तर जरा इकडं तिकडं बघून म्हणाला ३९,५०० ला करून देतो काका. मग फायनान्सच्या टेबलावर गेलो तर तिथं प्रोसेसिंग फी हजार रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १८०. आता मांडा हिशोब, रोखीपेक्षा ३,६८० रुपये जास्त, ते पण सहाच महिन्यात, आणि त्यातही मुद्दल दर महिन्याला कमी होत जाणारं. वर्षाच्या दरानं काढलं तर ३२ टक्क्यांच्या आसपास जातंय हे, आणि याला नो कॉस्ट म्हणायचं. वर एक्स्टेंडेड वॉरंटी होतीच, "ती पण हप्त्यातच बसवतो, तुम्हाला कळणार पण नाही" असं तो पोरगा अगदी प्रेमानं म्हणाला. त्याला दोष देत नाही, त्याला पण टार्गेट असणार.

यात नवीन काही नाही, रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना परिपत्रक काढून सांगितलं होतं की झिरो टक्के व्याज असला प्रकार मुळात नसतोच, व्याज प्रोसेसिंग फी वगैरेच्या नावाखाली गिऱ्हाइकाकडूनच निघतं. तेव्हापासून 'झिरो'च्या जागी 'नो कॉस्ट' आलं असं मला तरी दिसतंय.

दुसरी गंमत फ्लॅट रेटची. साठ हजार घेतले, वर्षाची मुदत, १२ टक्के फ्लॅट, म्हणजे व्याज ७,२०० आणि हप्ता ५,६००. ऐकायला १२ टक्के बरे वाटतात, पण पाचव्या सहाव्या महिन्यात निम्मं मुद्दल फिटत आलं तरी व्याज पूर्ण साठ हजारावरच लागतंय, त्यामुळं खरा दर साडेएकवीसच्या घरात जातो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो, त्यामुळं हप्त्याचं दुसरं टोक रोज बघतो. मागावरच्या माणसाचा पगार आठवड्याला होतो, तो पण जेवढं काम निघेल तेवढा. ऑर्डर असली की बरं असतंय, सूत महाग झालं किंवा माल उठला नाही की माग बंद आणि पगार निम्मा. हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो, त्याला मंदी बिंदी काय माहीत नसतंय. खात्यात दोनशे रुपये कमी पडले तरी हप्ता बाउन्स, मग बँकेचा दंड वेगळा, फायनान्स कंपनीचा वेगळा, आणि उशीर सिबिलला, म्हणजे कर्ज कसं फेडलं त्याच्या नोंदीला, लागतो तो वेगळाच. उद्या पोरीच्या शिक्षणाला किंवा घराला कर्ज लागलं की बँकवाला तोच रिपोर्ट काढून समोर ठेवणार, तेव्हा टीव्ही किती इंची होता हे कोण विचारत नाही. विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरातली पण थोड्याफार फरकानं हीच गोष्ट.

एक चांगलं झालंय ते पण सांगतो, कारण लोकांना माहीत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, असल्या नवीन कर्जाला आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती, एकूण किती फेडायचं, हे लिहिलेलं असतं, आणि ते घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत द्यायचं असा नियम आहे. मी मराठीत मागितलं तर टेबलावरचा माणूस म्हणाला इंग्लिशमध्ये येतंय, ओटीपी सांगा, पीडीएफ मोबाईलवर जाईल. म्हणजे आधी ओटीपी आणि मग वाचन! मी ओटीपी दिला नाही आणि उठलो.

आमच्या घरचं सांगायचं तर कारखान्यातल्या भिशीत माझा नंबर अजून लागायचाय, तो लागेपर्यंत पोरांना थांबायला सांगितलंय, तोंडं वाकडी झालीत पण ठीक आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा 'आत्ताच घ्या' म्हणून केवढी घाई होती, पण तो दर काय संध्याकाळी सातला संपणार नव्हता.

तर साहेब, जाहिराती छापू नका असं मी म्हणणार नाही, पेपर त्याच्यावर चालतो हे समजतं. पण जाहिरात घेताना एवढं विचारा की हप्त्याच्या आकड्याशेजारी त्याच साइजच्या अक्षरात रोख किंमत आणि फी धरून एकूण रक्कम टाकणार का. आणि ते की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत कसं मागायचं, नाही दिलं तर तक्रार कुठं करायची, यावर तुमच्या बातमीदाराकडून एक अर्ध्या पानाची बातमी करून घ्या, दिवाळीच्या आधी आली तर जास्त बरं.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर