नावं न घेता, मनापासून आभार

मार्केटिंगमधली पहिली नोकरी, बाणेरचं छोटं स्टार्टअप. तिथे ज्यांनी मला घडवलं, त्यांतले बरेचसे ऑफिसबाहेरचे. त्यांचे जाहीर आभार मानायचे राहूनच गेले होते.

नारायण पेठेतले प्रेसवाले काका, ऐन घाईत मशीन थांबवून तुम्ही समजावलंत, स्क्रीनवरचा रंग लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचा. कागदावर मात्र सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी शाई. म्हणून आमच्या लोगोचा झगझगीत हिरवा छापताना मंद उतरतो. मग शेड कार्ड उघडून एका चौकोनावर बोट ठेवलंत. "ही शाई वेगळी मिसळून घ्यायची, म्हणजे दरवेळी रंग सारखा येतो." ब्रँडिंग म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. एवढं स्वच्छ कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये कळलं नव्हतं.

तुळशीबागेतल्या मावशी, गर्दीतही आमच्या मालाचं पाकीट हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक आधी किंमत बघतं, मग नाव." किती खरं!

आणि ताई, सोडून गेलेल्या ग्राहकांना फोन करताना तुम्ही मला शेजारी बसवायचात. लाइक्सपेक्षा परत कोण आलं ते बघायची सवय तुमचीच.

काका, दिवाळीआधी नवीन काम घेऊन येतोय.