गृहमंत्री साहेब, कोयंडा उचकटला की ती घरफोडीच

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. धंदा गलाईचा, दुकान कोइम्बतूरला. विटा, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत, हे आपणास ठाऊक आहेच. गावचं घर दिवाळीला आणि जत्रेला उघडायचं, एरवी कुलूप.

यंदा जत्रेला आलो तर कुलूप शाबूत आणि कोयंडाच चौकटीतून निघून लोंबत होता. स्क्रूला लाकडाची ढलपी तशीच चिकटलेली. आत कपाट उपसलेलं, आईच्या लुगड्यांचा जमिनीवर ढीग, गव्हाच्या कणगीतसुद्धा हात घालून पाहिलेलं. मिळालं काहीच नाही, कारण बंद घरात आम्ही मौल्यवान काही ठेवत नाही. शेजारच्या काकूंनी चार दिवसांआधी रात्री दोनच्या सुमारास कुत्री भुंकलेली ऐकली होती.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "गेलं काय?" काही नाही म्हटल्यावर, "मग घरफोडी कशी म्हणायची?" आणि कागदावर नुसतं गृह-अतिक्रमण पडलं. ठाण्याचं नाव लिहीत नाही. माझं भांडण एका अंमलदाराशी नाही, या समजुतीशी आहे.

साहेब, १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता मी बसून वाचली. कलम ३२९ अतिक्रमणाचं. गुन्हा करायच्या, किंवा ताबा असणाऱ्याला धमकावायच्या, अपमान करायच्या, त्रास द्यायच्या इराद्याने दुसऱ्याच्या जागेत शिरणं, म्हणजे फौजदारी अतिक्रमण: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राहत्या घरात शिरलं तर ते गृह-अतिक्रमण, कैद एक वर्षापर्यंत. गुन्हा जामीनपात्र.

कलम ३३० मध्ये घरफोडी येते, आणि तिथे प्रश्न बदलतो. आत कसा शिरला? कुलूप उघडून, स्वतः वाट पाडून, भिंत चढून, कोणाला मारहाण करून? अशी वाट वापरली की घरफोडी झाली. ऐवज गेला पाहिजे असं त्या कलमात कुठेही नाही. चोरी झालीच तर तिचं कलम वेगळं लागतं. शिक्षा कलम ३३१ मध्ये आहे: सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी, चोरीच्या इराद्याने घरफोडी केली तर चौदा वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. इरादा पुरेसा आहे. कणगीतल्या गव्हात हात घालणाऱ्याचा इरादा आणखी कोणता असणार?

हा फरक उलट्या बाजूनेही पाळला जावा, असं मला मनापासून वाटतं. चेंडू आणायला कुंपण ओलांडणाऱ्या पोरावर घरफोडी लावू नका. त्याच्या मनात गुन्हा नसतो, म्हणून त्याचं ते फौजदारी अतिक्रमणही होत नाही.

माझी मागणी एवढीच. प्रत्येक ठाण्याला लेखी सूचना जावी: कडी-कोयंडा उचकटलेला दिसला तर काही गेलं असो वा नसो, घरफोडीच्या कलमाचा विचार व्हावा, ते का लावलं नाही हे कारणासह लिहावं, आणि दाराचा पंचनामा त्याच दिवशी व्हावा. दुसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तक्रार-तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे तक्रार ऑनलाइन देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते. शेजाऱ्याचा फोन आल्यावर तिकीट काढून गावी पोचेपर्यंत आमच्यातल्या कित्येकांचे ते तीन दिवस प्रवासातच जातात. गुन्हा कुठेही घडला तरी जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते, हे त्याच कलमात आहे, पण आमच्या म्हाताऱ्या माणसांना ते कोणी सांगितलेलं नाही. परगावी राहणाऱ्यांसाठी हे मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

पंचनाम्याला अजून कोणी आलेलं नाही, म्हणून कोयंडा तसाच लोंबता ठेवला आहे. सोमवारी मला कोइम्बतूरला निघायचं आहे.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक गलाई व्यावसायिक