नदीच्या अलीकडे राहा

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू चीनमध्ये, उत्तर कोरियाच्या सीमेकडच्या यान्जी आणि दांदोंगला जाणार म्हणालीस तेव्हा मी नुसतं 'बरं' म्हणून फोन बाबांकडे दिला. तुला वाटलं असेल, आई रागावली. रागावले नव्हते गं. पुढे काय बोलावं तेच सुचेना. मी काळजीचं बोलायला लागले की तू चिडतेस, तू चिडलीस की मी भलतंच काहीतरी बोलून जाते, म्हणून सरळ लिहायला बसले. जाऊ नकोस असं या पत्रात कुठेही म्हणायचं नाही, एवढं ठरवलंय.

तुझ्या शोधनिबंधाचं तिसरं प्रकरण सुजितने छापून आणून दिलं. समासात शिसपेन्सिलीने बरंच काही लिहून ठेवलंय, शाळा सुटली तरी सवय सुटत नाही. विषय तुझा आहे. मला कोरियन येत नाही, चिनी तर नाहीच. पण सगळा जन्म इतिहास शिकवण्यात गेला, तेव्हा एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. 'चीनला कोरियाचं एकीकरण नको आहे' असं तू पहिल्याच पानावर ठोकून दिलंयस. मला ते अर्धंच पटलं. चीन तोंडाने कायम म्हणत आलाय की कोरियन लोकांनी स्वतःच्या बळावर, शांततेने एक व्हावं, आमचा पाठिंबा आहे. ते नुसतं तोंडदेखलं आहे असं म्हणून सोडून देऊ नकोस. त्यातलं 'स्वतःच्या बळावर' हे महत्त्वाचं आहे. म्हणजे अमेरिकेला बरोबर न घेता. आज दक्षिणेत अमेरिकेचे सुमारे २८,५०० सैनिक आहेत. देश एक झाला आणि ते तिथेच राहिले, तर उद्या ते चीनच्या सीमेवरच्या यालू नदीच्या काठावर उभे राहू शकतात. चीनचं सगळं दुखणं तिथे आहे.

कोरेगावच्या जमिनीचं आठव. आण्णा आणि धाकटे काका एकत्र राहिले काय नि वेगळे झाले काय, बांधाला लागून ज्यांचा ऊस होता त्यांना काही पडलेलं नव्हतं. धाकट्या काकांनी मुंबईची पार्टी भागीदार म्हणून घेतली आणि बाहेरची माणसं बांधापर्यंत येणार असं दिसायला लागलं, तेव्हा ते जागे झाले. मग आण्णांना खत उधार, आण्णांना ट्रॅक्टर फुकट, आणि दोघा भावांत समेटाची गोष्ट निघाली की हेच आडवे. आण्णांवर त्यांचं प्रेम होतं असं कोणी म्हणू नये.

बीजिंगमधले आपले तेव्हाचे राजदूत पणिक्कर, त्यांना तू तळटीपेत टाकलंयस. त्यांना वर आण. कोरियन युद्ध चालू होतं, २ ऑक्टोबर १९५० ची मध्यरात्र उलटल्यावर चीनचा पंतप्रधान चौ एन लाय याने पणिक्करांना झोपेतून उठवून बोलावून घेतलं आणि सांगितलं, की दक्षिण कोरियाचं सैन्य दोन्ही कोरियांमधला अडतिसावा अक्षांश ओलांडून आलं तर गोष्ट वेगळी, पण अमेरिकेचं आलं तर चीन गप्प बसणार नाही. दिल्लीने निरोप पुढे पोचवला. वॉशिंग्टनला तो पोकळ धमकी वाटला, पणिक्करांवर तिथे विश्वासच नव्हता. १९ ऑक्टोबरला पेंग देहुआईचं चिनी सैन्य यालू ओलांडून आत शिरलं. पंचाहत्तर वर्षं झाली. उत्तर कोरियाशी केलेला १९६१ चा मदतीचा करार चीन अजून दर वीस वर्षांनी पुढे चालवतो, २०२१ मध्येही चालवला. त्या रात्री जे सांगितलं त्यात काना-मात्रेचा फरक पडलेला नाही. तुझ्या प्रकरणाची सुरुवात तीच रात्र असायला हवी, असं मला वाटतं.

आणि एक तू लिहिलेलं नाहीस. माओचा थोरला मुलगा आनयिंग २५ नोव्हेंबर १९५० ला कोरियात विमानहल्ल्यात मारला गेला. त्याला परत आणलं नाही, उत्तर कोरियातच होचांगला पुरलंय. अठ्ठावीस वर्षांचा होता. चीन त्या युद्धातले स्वतःचे १,९७,००० हून जास्त मृत मोजतो. एवढी मुलं जिथे पुरली ती जमीन एखादा देश नुसती नकाशावरची पट्टी म्हणून बघत नसणार. हे मी चीनची बाजू घेऊन लिहीत नाहीये. शेजाऱ्याची भीती समजून घेतली नाही तर त्याच्याबद्दल लिहिलेलं सगळं कच्चं राहतं. पण अठ्ठावीस वाचलं आणि पुढची दोन पानं डोळ्यांखालून गेली तरी डोक्यात काही शिरलं नाही. तुझंही अठ्ठावीसच चाललंय.

असो. मला अभ्यासाचंच लिहायचं होतं.

दांदोंगची चित्रफीत बाबांनी मोबाईलवर शोधून दाखवली. अमेरिकेने १९५० मध्ये बॉम्ब टाकून तोडलेला पूल अजून तसाच आहे. चीनच्या बाजूचं लोखंड नदीच्या मध्यापर्यंत जातं आणि तिथे संपतं, पलीकडे पाण्यात नुसते खांब. त्याच्या टोकाला लोक भाड्याच्या दुर्बिणीतून पलीकडचं उत्तर कोरियातलं सिनुइजू बघतात. शेजारच्याच दुसऱ्या पुलावरून मालाचे ट्रक जातात. उत्तर कोरियाच्या व्यापारातला नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा चीनशी आहे असं तू लिहिलंयस, तो आकडा मला त्या ट्रकांच्या रांगेत कळला. ही रांग ज्याच्या हातात आहे त्याला शेजारी उपाशी मरायलाही नको आहे आणि धडधाकट झालेलाही नको आहे. पुलाच्या टोकापर्यंत जा, बघ, परत ये. दुर्बीण हवी तर घे. कॅमेरा मात्र पलीकडच्या शिपायांवर रोखू नकोस. नदीच्या काठाकाठाने एकटीने लांब जाऊ नकोस. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे म्हणतात, की कुठला काठ कोणाचा ते कळत नाही. तू नदीच्या अलीकडे राहा.

तुझ्या सोलच्या घरमालकीण आजी कशा आहेत? उत्तरेतल्या हुंगनामहून बोटीत बसून आल्या तेव्हा त्या किती लहान होत्या म्हणालीस, आणि मोठी बहीण धक्क्यावरच राहिली. डिसेंबर १९५० म्हणजे चीनचं सैन्य खाली सरकत होतं तेव्हाची गोष्ट. लाखभर माणसं त्या बंदरातून निघाली. या आजींनी ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या यादीत नाव घातलं, दर खेपेला सोडत निघाली, त्यांचं नाव कधीच आलं नाही. २०१८ नंतर तर भेटीच झाल्या नाहीत. यादीत सुमारे १,३४,००० नावं होती, त्यातली आता चाळीस हजारसुद्धा हयात नाहीत. तुझ्या प्रकरणात या आजी कुठेच नाहीत, मुक्ता. बीजिंग आहे, वॉशिंग्टन आहे, अण्वस्त्रं आहेत. चीनला चाललंय ते बरं चाललंय असं तू लिहितेस तेव्हा ते 'चाललंय' कोणाच्या जिवावर, हे एका वाक्यात तरी यायला हवं. तुझे सर म्हणतील शोधनिबंधात भावना नकोत. ही भावना नाही, हा हिशेब आहे.

आबांची फार आठवण येते या दिवसांत. तू कोरियन शिकायला लागलीस तेव्हा ते असते तर! युद्ध थांबल्यावर कैद्यांवर देखरेख ठेवायला आपलं सैन्य कोरियाला गेलं, त्यात आबा होते. दक्षिणेचा अध्यक्ष सिंगमन री म्हणाला, भारतीय शिपायाचा पाय माझ्या जमिनीला लागता कामा नये. म्हणून आपल्या लोकांना इंचॉनला जहाजावरून हेलिकॉप्टरमध्ये बसवून थेट उत्तर-दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात नेऊन उतरवलं. आबा सांगायचे, कोरियाला गेलो पण कोरिया पाहिला नाही, तारेची कुंपणं पाहिली. जनरल थिमय्या कैद्यांसाठीच्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष, छावणीचं नाव हिंदनगर, आणि मायदेशी परतायला नकार दिलेले बावीस हजारांहून जास्त कैदी आपल्या ताब्यात. त्यात चौदा हजारांवर चिनी होते. काहींनी हातावर, छातीवर कम्युनिस्टांविरुद्धच्या घोषणा गोंदवून घेतल्या होत्या, म्हणजे परतीचा रस्ता बंदच. एकेका कैद्याला तंबूत आणायचं, त्याच्या देशाचा माणूस त्याला समजावणार, मग त्याने दोनपैकी एका दाराने बाहेर पडायचं, एक दार घरी जायचं, एक परत छावणीत. आबांची ड्यूटी तंबूच्या आत असे. एक पोरगा दोन्ही दारं सोडून मधेच खाली बसला, उठेचना. त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, डाव्याला नाडीच्या जागी तार. आबांना बाकी चेहरे आठवत नव्हते, ती तार आठवायची. शेवटी त्याला कुठल्या दाराने नेलं ते मी किती वेळा विचारलं, त्यांनी कधी सांगितलं नाही.

बहुतेक चिनी कैदी पुढे तैवानला गेले. बीजिंगला ते किती लागलं असेल! तेव्हापासून कोरिया आणि तैवान ही दोन गाठोडी तिथे एकत्रच बांधलेली आहेत, हे माझं मत. तू तपासून बघ.

बाकीची कारणं तू दिली आहेस ती बरोबर आहेत, पण सगळी एका मापाने मोजू नकोस. निर्वासितांचा लोंढा, हे मोठं कारण. चीनमधले सतरा लाख कोरियन आणि त्यांचा सीमेवरचा यानबियान भाग, हे मधलं. गोगुर्योचं प्राचीन राज्य कोणाचं, सीमेवरचा बेकदू पर्वत कोणाचा, हे भांडण २००४ मध्ये पेटलं होतं खरं, पण पर्वताची हद्द चीनने उत्तरेशी १९६२ लाच ठरवून घेतली. एक झालेला कोरिया ती मानेल का, ही शंका बीजिंगच्या मनात असणार. तरी सैन्याच्या प्रश्नापुढे ती लहान आहे. जर्मनीचं उदाहरण तू घेतलंयस, तेही पुरं कर. थॅचरबाईंना आणि मित्तराँना जर्मनी एक झालेली मनातून नको होती, तरी १९९० मध्ये झाली, कारण मॉस्कोने मान तुकवली. नंतर नाटो पूर्वेकडे किती सरकली ते बीजिंगने बघितलंय. ते मान तुकवणार नाहीत.

आणि हवा पालटते हेही लिही. सप्टेंबर २०१५ मध्ये बीजिंगच्या संचलनात शी जिनपिंगांच्या रांगेत दक्षिणेच्या पार्क ग्युन-हे उभ्या होत्या. सोलमध्ये तेव्हा कितीजणांना वाटलं, चीन आता आपल्या बाजूला येतोय. पुढच्याच वर्षी दक्षिणेत अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचा निर्णय झाला आणि २०१७ मध्ये चीनने दक्षिणेला जाणाऱ्या पर्यटकांच्या सहली थांबवल्या, लोटे या कोरियन कंपनीची आपल्याकडची दुकानं बंद पाडली. सप्टेंबर २०२५ च्या संचलनात तिथेच किम जोंग उन उभे. त्यांनी तर एकीकरणाची भाषाच सोडून दिली, जानेवारी २०२४ मध्ये प्योंगयांगमधली एकीकरणाची कमान पाडून टाकली. आता उत्तरेलाच नको म्हटल्यावर चीनला नको म्हणायची गरजही उरली नाही. चीनचं काम त्याने न मागता झालं, आणि तुझ्या आजींचं कायमचं राहिलं.

बघ, पुन्हा तास घ्यायला लागले. माफ कर. तुला माझ्याहून शंभर पटीने जास्त माहीत आहे, हे मला ठाऊक आहे, आणि अभिमान किती वाटतो ते मी मावशीला सांगते, तुला सांगत नाही. तुझं नाव छापलेला तो लेख बाबांनी पिशवीत ठेवलाय, बँकेत गेले तरी काढून दाखवतात.

पण हे लिहिल्याशिवाय पत्र बंद करता येणार नाही. जुलै २०२३ पासून चीनचा हेरगिरीविरोधी कायदा अधिक कडक झालाय. 'राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित' कागद आणि माहिती एवढं म्हटलं की त्यात काहीही बसतं. दांदोंगमध्येच डिसेंबर २०१८ मध्ये एका कॅनेडियन माणसाला उचललं, तो सप्टेंबर २०२१ मध्ये सुटला. कॅनडा आणि चीनचं भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून होतं, सापडला तो. मोठ्यांच्या भांडणात मधे सापडलेल्या माणसाचं नाव कोणी विचारत नाही. तू त्यांच्या सीमेवर बसून त्यांच्याच सीमेबद्दल लोकांना प्रश्न विचारणार. पळून आलेल्या उत्तर कोरियन माणसांना भेटायचं तुझ्या मनात असेल तर भेटू नकोस. तुझ्यासाठी तर नकोच, आणि त्यांच्यासाठी त्याहून नको. चीन त्यांना निर्वासित मानत नाही, परत पाठवतो. तुझ्या वहीतली एक ओळ कोणाला तरी नदीपलीकडे घेऊन जाईल.

लॅपटॉपवर मुलाखतींच्या फाइली नेऊ नकोस. विद्यापीठाचं पत्र चिनीत करून घे. व्हिसा ज्या कामाचा तेवढंच काम कर. ईशान्य चीनमध्ये आपली वकिलात नाही, बीजिंगचा दूतावासच जवळचा, त्याचा नंबर मोबाईलमध्ये नको, कागदावर लिहून पर्समध्ये ठेव. रोज रात्री एक शब्द टाक. आमचं व्हॉट्सअॅप तिथे लागत नाही म्हणे, तर ई-मेल कर. सुजितने माझ्या फोनवर बसवून दिलंय.

सुजितचा मित्र पंधरा तारखेला सोलला येतोय. त्याच्याबरोबर आजींसाठी आमसुलं आणि तुझी मेतकुटाची पुडी देते. चौथं प्रकरण पाठव, त्याच्या आधी वाचून शेरे धाडीन.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, दांदोंगला पर्यटकांच्या बोटी पलीकडच्या काठाच्या अगदी जवळ जातात. त्यात बसू नकोस.